८००० आरपीएमसाठी क्रँक कसा पारखावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एस्टीममधलं १.३ लिटरचं सुझुकी जी१३ इंजिन ट्रॅकसाठी उघडलंय, रेडलाइन ८००० पर्यंत न्यायची आहे आणि समोर दोन क्रँक (पिस्टनची वर-खाली चाल फिरण्यात बदलणारा दांडा) आहेत. एक भंगारातून आलेला मूळ क्रँक, विकणारा म्हणतो "एकदाच पॉइंट पंचवीसला ग्राइंड झालाय", म्हणजे घासून बेअरिंगच्या जागांचा व्यास ०.२५ मिमीने कमी केलाय. दुसरा ऑनलाइन मिळणारा नवा, त्यावर "४३४० फोर्ज्ड" (या मिश्र स्टीलचा घडीव) असा शिक्का. यातला कोणता घ्यावा आणि तो चांगला आहे हे नागपुरात बसून कसं तपासावं?

आधी मत सांगतो, मग कारणं. शिक्क्यावर पैसे लावू नका. क्रँक तुटतो तो बहुतेक वेळा दोनच ठिकाणांहून: जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि वेब (जर्नलांना जोडणारा हात) जिथे मिळतात त्या गोलाईतून, म्हणजे फिलेटमधून, नाहीतर ऑइल होलच्या कडेपासून. या दोन जागा बिघडलेल्या असतील तर भारी स्टीलही वाचवत नाही. उलट सरळ, बिनतड्याचा, फिलेट शाबूत असलेला मूळ क्रँक अनोळखी कारखान्याच्या स्वस्त "४३४०"पेक्षा मी कधीही आधी निवडेन. तुमच्या इंजिनाला टर्बो नाही, त्यामुळे इथे खरा ताण स्फोटाच्या दाबाचा नसून आरपीएमचा आहे.

तो ताण किती, ते बघा. पिस्टन-रॉडच्या जडत्वाचा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६५०० वरून ८००० म्हणजे वेग २३ टक्के वाढला, पण जोर दीडपट झाला. स्ट्रोक ७५.५ मिमी, म्हणजे ८००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटरच्या थोडा वर. हा आकडा घाबरण्यासारखा नाही, पण चुका माफ करणाराही नाही. या इंजिनात मेन (ब्लॉकमध्ये बसणारं) जर्नल ४५ मिमी आणि पिन (रॉड बसतो ते जर्नल) ४२ मिमी. दोघांच्या त्रिज्यांची बेरीज ४३.५, त्यातून अर्धा स्ट्रोक ३७.७५ वजा केला की उरतो ५.७५ मिमी. हा मेन आणि पिनचा ओव्हरलॅप. टोकाकडून, अक्षाच्या दिशेने पाहिलं तर दोन्ही जर्नल एकमेकांवर एवढे चढलेले दिसतात आणि वेबची ताकद बऱ्याच अंशी याच पट्ट्यात असते. दोन्ही जर्नल ०.५० अंडरसाइज, म्हणजे व्यासाने ०.५० मिमी लहान, केले की हा ५.२५ होतो. म्हणून ट्रॅकच्या इंजिनात ०.२५ पर्यंत ठीक, ०.५० नाइलाजाने, त्यापुढे नको.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा. आपल्याकडे बहुतेक लोक आधी क्रँक ग्राइंडिंगला टाकतात आणि मग तडा शोधतात. तडा निघाला की ग्राइंडिंगचे पैसे पाण्यात. आधी धुणं, मग डोळ्यांनी बघणं, मग तड्याची तपासणी, मग सरळपणा, मग मायक्रोमीटर, आणि शेवटी ग्राइंडिंग.

भंगारातला क्रँक असेल तर त्याच्यासोबतचे जुने बेअरिंग शेल (जर्नलभोवतीच्या अर्धगोल पट्ट्या) मागा. मिळाले तर अर्धी माहिती त्यांतच असते. मधल्या मेनचे शेल इतरांपेक्षा जास्त आणि गोल फिरून घासलेले असतील तर क्रँक वाकलेला असण्याचा संशय घ्या. शेलच्या फक्त कडेला चमकदार पट्टी दिसली तर ते फिलेटवर चढत होतं. एखाद्या पिनवर गवती पिवळा किंवा निळा रंग दिसला तर तिथे बेअरिंग फिरलं होतं आणि धातू तापला होता. असा क्रँक पॉलिश करून चमकवता येतो, पण त्या उष्णतेने पृष्ठभागाचा कडकपणा गेलेला असू शकतो आणि बारीक तडेही पडलेले असू शकतात. रंग पॉलिशमध्ये गेला तरी वेबच्या गालावर, फिलेटच्या वर, त्याची झाक राहते. बॅटरी लावून तिथेच बघा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात हमखास बघावी: भराई. ट्रक-ट्रॅक्टरचे क्रँक वेल्डिंग करून किंवा मेटल स्प्रे मारून भरतात आणि पुन्हा स्टँडर्ड साइजला आणतात. मंद फिरणाऱ्या डिझेलला ते चालून जातं. ८००० ला नाही. जर्नलच्या कडेला रंगाची वेगळी रिंग, ऑइल होलच्या तोंडाशी थराची रेघ, सुईच्या टोकाएवढी छिद्रं यांपैकी काहीही दिसलं तर क्रँक परत करा, भाव करू नका. विकणारा "स्टँडर्ड साइज आहे" म्हणतो आणि क्रँक मात्र लाखभर किलोमीटर चाललेला दिसतो, तेव्हा संशय जास्त घ्यावा.

ओतीव की घडीव, हे पार्टिंग लाइनवरून कळतं. वेबच्या आणि काउंटरवेटच्या (तोल साधणाऱ्या वजनाच्या) न घासलेल्या भागावर साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ असते. बारीक, एखाद-दोन मिमीची, धारदार रेघ असेल तर ओतीव. रुंद, सेंटिमीटरच्या आसपासचा, ग्राइंडरने घासून काढल्यासारखा पट्टा असेल तर घडीव. नाकाला (पुलीच्या टोकाला) दोरी बांधून टांगून छोट्या हातोडीने वाजवल्यावर घडीव स्टील लांबवर खणखणतं, पण हे दुय्यम मानावं, कारण चांगलं एसजी आयर्नही (गोळ्यांच्या ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड) बऱ्यापैकी वाजतं. आवाज बसका, फुटका आला तर मात्र लक्षात घ्या. ओतीव निघाला म्हणून लगेच बाद नाही. वापर कसा आहे, किती वेळ ८००० वर राहणार, यावर ते ठरतं. थोड्या फेऱ्यांच्या ऑटोक्रॉसला चांगला ओतीव क्रँक पुरतो. सलग वीस मिनिटं ट्रॅकवर फिरणार असाल तर घडीव शोधा.

तड्यांसाठी एमपीआय, म्हणजे चुंबकीय तपासणी, करूनच घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या कामामुळे बॉयलरचे वेल्ड तपासणाऱ्या एनडीटी (वस्तू न मोडता तपासणी) एजन्सी नागपूरला नव्या नाहीत. क्रँक घेऊन गेलात तर त्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, ओली फ्लुरोसंट पद्धत हवी, अंधारात यूव्ही दिव्याखाली. दुसरी, चुंबकत्व दोन दिशांनी द्या, लांबीच्या आणि गोलाईच्या, कारण चुंबकरेषांना समांतर असलेला तडा दिसतच नाही. फक्त हातातल्या योकवर (दोन पायांच्या विद्युतचुंबकावर) काम करत असतील तर प्रत्येक फिलेटजवळ योक नव्वद अंशांत फिरवून दोनदा धरायला लावा. तिसरी, काम झाल्यावर डीमॅग्नेटाइज करा. घरी आणल्यावर टाचणी लावून बघा. ती चिकटली तर तोच क्रँक इंजिनात लोखंडाचा चुरा गोळा करेल.

तडा कुठे आणि कसा आहे, त्यावरून त्याचं कारण ओळखता येतं. फिलेटच्या गोलाईत आडवा तडा म्हणजे वाकण्याचा थकवा. ऑइल होलपासून अक्षाला साधारण ४५ अंशांत निघालेला तडा म्हणजे पिळाचा थकवा. आणि जर्नलवर अक्षाच्या दिशेने अनेक बारीक समांतर रेघा असतील, तर तो ग्राइंडिंगच्या उष्णतेचा प्रताप. पहिले दोन दिसले की भंगार. तिसऱ्यात कधीकधी पुढच्या साइजला घासून रेघा जातात, पण पुन्हा एमपीआय केल्याशिवाय विश्वास ठेवू नका. एमपीआय जमतच नसेल तर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर निदान करा. त्यात फक्त वर उघडलेला तडा दिसतो. पॉलिशने तोंड बुजलेला तडा सुटतो, म्हणून पॉलिशच्या आधी करा.

सरळपणासाठी पहिलं आणि पाचवं मेन व्ही-ब्लॉकवर, डायल गेज तिसऱ्यावर. ऑइल होल टाळून सुई लावा, क्रँक हळू पूर्ण फिरवा. गेजवर जो एकूण फरक दिसेल त्याचा अर्धा म्हणजे वाक. जर्नल ओव्हल असेल तर तेही याच आकड्यात मिसळतं, त्यामुळे मायक्रोमीटरचे आकडे बाजूला ठेवून अर्थ लावा. रस्त्याच्या इंजिनांची मॅन्युअल एकूण ०.०५-०.०६ पर्यंत चालवून घेतात. ट्रॅकसाठी ०.०२ च्या आत हवं. जास्त निघाला तर लेथवाला "प्रेसखाली सरळ करून देतो" म्हणेल. नायट्राइड केलेल्या (नायट्रोजनने वरचा थर कडक केलेल्या) क्रँकवर प्रेस अजिबात नको, वरचा कडक थर तडकतो. ओतीव क्रँक प्रेसखाली कधी मोडेल याचा नेम नाही. शिवाय जोर लावून सरळ केलेला क्रँक तापल्यावर पुन्हा थोडा परततो.

मायक्रोमीटरसाठी प्रत्येक जर्नल दोन्ही कडांजवळ आणि प्रत्येक ठिकाणी निदान तीन कोनांत मोजा. आकडे वहीत लिहून काढा. ओव्हल आणि टेपर (एका कडेपासून दुसरीकडे व्यास बदलणं) दोन्ही पाच मायक्रॉनच्या आत हवेत. दोन टोकांचा मायक्रोमीटर एक फसवणूक करतो: तीन कंगोऱ्यांचं जर्नल त्याला गोल दिसतं. ग्राइंडिंग मशीनचं स्टेडी (क्रँकला मधे देतात तो आधार) नीट नसलं की असे कंगोरे येतात. ते पकडायला जर्नलवर निळ्या शाईचा अगदी पातळ हात द्या आणि सपाट दगडी पट्टीने हलकं घासा. शाई सगळीकडे सारखी गेली तर ठीक, पट्ट्या उरल्या तर गडबड.

आता नागपूरची खास अडचण. मापांचे आकडे २० अंश तापमानासाठी असतात आणि मे महिन्यात शेडमध्ये ४५ असतं. क्रँक आणि मायक्रोमीटर दोन्ही स्टीलचे, दोन्ही सारखेच तापलेले असतील तर चूक कटते. पण उन्हातून आणलेला क्रँक आणि एसीतल्या पेटीतून काढलेला मायक्रोमीटर घेतला, तर ४२ मिमीच्या पिनवर २५ अंशांच्या फरकाने १२ मायक्रॉनची चूक होते. म्हणजे चांगला क्रँक वाईट ठरतो नाहीतर वाईट चांगला. क्लिअरन्सचं (जर्नल आणि शेलमधल्या फटीचं) प्रकरण याहून वाकडं. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट फुगतं, त्यामुळे ४५ अंशांत मोजलेलं मेन क्लिअरन्स २० अंशांतल्यापेक्षा दहा मायक्रॉनच्या आसपास मोठं दिसतं. कॅप लोखंडी असल्या तर फरक थोडा कमी, पण शून्य नाही. मॅन्युअलचा पूर्ण पट्टाच वीस मायक्रॉनच्या घरात असताना ही चूक परवडत नाही. उपाय साधा: ब्लॉक, क्रँक, शेल आणि मापं रात्रभर एका एसी खोलीत ठेवा, सकाळी तिथेच मोजा. मायक्रोमीटर हातात फार वेळ धरू नका आणि दर काही मापांनंतर सेटिंग रॉडवर शून्य तपासा.

क्लिअरन्स किती ठेवावं? जर्नलच्या प्रत्येक मिमीला एक मायक्रॉन, हा ठोकताळा या वापराला बरोबर बसतो: मेनला ४५ मायक्रॉनच्या आसपास, पिनला ४०-४२. मोजायचं ते शेल बसवून, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून, बोअर गेजने. प्लास्टिगेज (चिरडून फट दाखवणारी प्लास्टिकची तार) फक्त पडताळ्यासाठी.

फिलेटकडे मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. रेडियस गेजचं पान फिलेटमध्ये टेकवा आणि मागून बॅटरी मारा. पान आणि धातू यांच्यात उजेडाची चंद्रकोर दिसली तर कुठे दिसते ते बघा. मधोमध उजेड म्हणजे फिलेटची गोलाई पानापेक्षा लहान, कोपरा धारदार. दोन्ही टोकांना उजेड म्हणजे गोलाई मोठी. पिनच्या व्यासाच्या पाच टक्के हा डिझाइनचा जुना ठोकताळा, म्हणजे ४२ मिमीला साधारण २ मिमी. मूळ क्रँकची न घासलेली बाजू किंवा दुसरा मूळ क्रँक मिळाला तर त्याच्याशी ताडून बघणं सगळ्यात उत्तम. फिलेटवर पायरी, रेघ, चाकाची खाच किंवा गंजाचा एक जरी खड्डा असेल तर क्रँक नाकारा. जर्नलच्या मधोमध असलेला खड्डा पुढच्या साइजला जातो, फिलेटमधला खड्डा तडा सुरू व्हायची जागा असतो.

काही क्रँकमध्ये फिलेट जर्नलच्या पातळीखाली खोबणीसारखा असतो आणि रोलरने दाबलेला असतो. त्या दाबामुळे पृष्ठभागात जो दाबाचा ताण साठतो, तोच त्याची ताकद. ग्राइंडरचं चाक त्या खोबणीला लागलं की ती ताकद गेली. असा क्रँक असेल तर ग्राइंडरला लेखी सांगा: चाक खोबणीच्या अलीकडे थांबवायचं.

आपल्याकडची ग्राइंडिंगची दुकानं जास्तीत जास्त ट्रक आणि ट्रॅक्टरवर जगतात. मशीन वाईट नसतं, पण चाकाचा कोपरा मागच्या कामाच्या गोलाईला ड्रेस केलेला, म्हणजे घासून आकार दिलेला, असतो. छोट्या सुझुकीच्या पिनवर तेच चाक घातलं की गोलाई मोठी होते, अरुंद शेलची कड तिच्यावर चढते आणि बेअरिंग पहिल्या तासात जातं. दुसरा प्रकार याच्या उलट: चाकाचा कोपरा झिजवून न घेता चौकोनी ठेवलेला, फिलेट कापला जातो. तो क्रँक शांतपणे चालतो आणि काही महिन्यांनी ट्रॅकवर दोन तुकडे होतो. म्हणून चाक ड्रेस करताना समोर उभं राहा आणि रेडियस गेज स्वतःचं न्या. कूलंट भरपूर सोडायला सांगा, शेवटी ठिणग्या संपेपर्यंत चाक न पुढे ढकलता फिरू द्यायला सांगा.

ग्राइंडिंगनंतर कडकपणाचा प्रश्न येतो. इंडक्शन हार्डनिंग दोन मिमी किंवा जास्त खोल असतं, ०.२५ अंडरसाइजने त्याला काही होत नाही. गॅस नायट्रायडिंगचा थर तीन ते पाच दशांश मिमीचा, त्यातला वरचा कडक भाग कमी होतो. सॉल्ट बाथ नायट्रायडिंगचा वरचा थर मात्र दहा-वीस मायक्रॉनचाच, आणि ०.२५ अंडरसाइज म्हणजे प्रत्येक बाजूने १२५ मायक्रॉन गेले. तो थर उरतच नाही, पुन्हा नायट्राइड करून घ्यावं लागतं. त्या भट्टीत तापमान पाचशेच्या वर जातं, त्यामुळे परत आल्यावर सरळपणा पुन्हा मोजा आणि जर्नल काही मायक्रॉन फुगलेले धरून शेवटचं पॉलिश करा. नायट्राइडची तपासणी साध्या रॉकवेल सी मशीनवर करू नका. १५० किलोचा जोर पातळ थर फोडून आतला मऊ धातू मोजतो. हलक्या वजनाची विकर्स तपासणी हवी.

पृष्ठभाग ०.२ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं सरासरी माप) किंवा त्याहून गुळगुळीत. मापायचं यंत्र नसेल तर वाइंडिंगच्या जाड तांब्याच्या तारेचं टोक जर्नलवर आडवं घासा. लाल रेघ उमटली तर जर्नल तांबं खरवडतंय, म्हणजे बेअरिंगही खरवडेल. शेवटचं पॉलिश क्रँक इंजिनात फिरतो त्याच दिशेने झालं पाहिजे, आणि ओतीव क्रँकला तर हे सोडूच नका: ग्राइंडिंगमध्ये ग्रॅफाइटच्या गोळ्यांभोवती बारीक कुसळं उभी राहतात, उलट्या दिशेने पॉलिश केलं तर ती शेलला कापतात. ऑइल होलची कड ग्राइंडिंगनंतर ब्लेडसारखी होते, ती गोल करून घ्या.

आता तो नवा "४३४०". कागद मागा: हीट नंबरसह टेस्ट सर्टिफिकेट. कागद नसेल किंवा पटत नसेल तर पीएमआय गन (धातूतले घटक ओळखणारं हातातलं यंत्र) लावा, एनडीटीवाल्यांकडे ती बहुधा असते. ४३४० मध्ये निकेल १.६५ ते २ टक्के, क्रोमियम ०.७ ते ०.९, मॉलिब्डेनम ०.२ ते ०.३. आपल्याकडचं ईएन २४ याच घराण्यातलं, निकेल जरा कमी. गन निकेल जवळजवळ शून्य दाखवत असेल तर ते फार तर ४१४० म्हणजे ईएन १९ आहे, साधं कार्बन स्टीलही असू शकेल. ही गन बहुधा कार्बन मोजत नाही आणि हीट ट्रीटमेंटबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून काउंटरवेटवर कडकपणाही बघा. गाभा साधारण ३० ते ३६ एचआरसी (रॉकवेल सी) असावा. मग वर सांगितलेलं सगळं नव्यालाही लावा. नव्या स्वस्त क्रँकमध्ये मला सर्वात जास्त संशय असतो तो स्ट्रोक आणि कोनांचा. मेनवर टेकवून चारही पिनांची उंची डायल गेजने वर-खाली मोजा. चारही स्ट्रोक एकमेकांच्या ०.०५ मिमीच्या आत हवेत. नाहीतर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन वेगळं येईल आणि दोष हेडला लागेल.

बॅलन्सिंगचं गणित एकदा बघितलं की लोक टाळाटाळ करत नाहीत. अक्षापासून ४० मिमीवर १० ग्रॅम जास्त असले तर ६००० ला १६ किलोचा ओढा बसतो, ८००० ला २८ किलोच्या वर. इनलाइन फोर क्रँकला बॉबवेट (पिस्टन-रॉडऐवजी पिनवर लावायची वजनं) लागत नाहीत, काम सोपं आहे. आधी नुसता क्रँक, मग फ्लायव्हील लावून, मग क्लच कव्हर लावून, आणि प्रत्येक भागाच्या जागेवर खूण. वजन काढायचं ते काउंटरवेटच्या कडेतून, फिलेटच्या आसपास ड्रिल नको. काउंटरवेटला सुरीसारखी धार काढण्याची फॅशन मात्र सोडून द्या, या इंजिनात त्यातून फोटोशिवाय फार काही मिळत नाही.

नाकाची चावीची खाच रुंद झालेली नाही ना, पुलीचा आणि फ्लायव्हीलचे बोल्ट बसतात ते आटे ओढलेले नाहीत ना, थ्रस्ट वॉशरच्या गालावर खोबण नाही ना, हे चटकन बघून घ्या. पुढच्या मूळ पुलीत रबर असेल तर ती डँपर आहे. तिच्या जागी हलकी ॲल्युमिनियमची पुली लावली की पिळाची कंपनं थेट क्रँकमध्ये राहतात आणि ऑइल होलचा तो ४५ अंशांचा तडा तिथून सुरू होतो.

तुमच्या दोन क्रँकपैकी: भंगारातला एमपीआयमध्ये स्वच्छ निघाला, वाक ०.०२ च्या आत आणि फिलेट शाबूत असले तर तोच घ्या. ०.२५ वर मापात असेल तर फक्त पॉलिश करा, "सफाईसाठी" म्हणून ०.५० ला नेऊ नका. फिलेट कापलेले निघाले तर दुसरा मूळ क्रँक शोधा. नव्याकडे तेव्हाच वळा जेव्हा विकणारा पीएमआय आणि मापांनंतर परत घ्यायला तयार असेल.

शेवटी धुणं. तेलाच्या वाटांचे प्लग काढा, लांब ब्रश घालून केरोसीनने आणि मग गरम साबणाच्या पाण्याने धुवा, पांढरं फडकं काळं येणं थांबेपर्यंत. ग्राइंडिंगचा चिखल याच वाटांत दडतो आणि सुरू केल्याच्या पहिल्या मिनिटात बेअरिंगमध्ये पोचतो. वाळवून लगेच तेलाचा हात द्या. उन्हाळ्यात गॅरेजमध्ये कूलर चालू असेल तर त्याच्या ओल्या वाऱ्यात उघडा जर्नल एका रात्रीत गंजाचा रंग धरतो, आणि घामाच्या हाताचे ठसेही उमटतात. तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, फ्लायव्हीलच्या फ्लँजवर उभा करून, कूलरपासून दूर ठेवा.